निवेदन नको, प्रश्न लिहायला शिकून ये

ताई,

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, नंतर बेळगावात कायद्याची पदवी. वय चोवीस. दिल्लीत एका खासदारांबरोबर वर्षभर काम करायची लॅम्प फेलोशिप मला मिळाली आहे, जूनमध्ये निघायचं आहे. घरात कुणालाच पटत नाही. बाबा म्हणतात, खानापूर कोर्टात एखाद्या वकिलाच्या हाताखाली बस, दोन वर्षांत नाव होईल. आईला लग्नाची काळजी. भाऊ गोव्याला कामाला गेला तेव्हा त्याला कुणी अडवलं नव्हतं. सगळ्यात अवघड थोरले काका. त्यांचं आयुष्य सीमालढ्यात गेलं. ते म्हणाले, "काय करूलीस तिकडं जाऊन? दिल्लीनं आपल्याला काय दिलं? आणि खासदार आपल्या विरोधातला निघाला तर त्याची भाषणं लिहिणार काय?" मला उत्तर सुचलं नाही. इंग्रजी वाचता येतं, पण बोलताना अडखळते. हिंदी टीव्हीवरची. तिथे काम नक्की काय असतं, एवढ्या मोठ्या शहरात राहायचं कसं, आणि परत आल्यावर त्याचा इथे काय उपयोग, हे सांगाल का? तुम्ही हे काम केलंय असं ऐकलं.

खानापूर तालुक्यातली एक वाचक

अगं, उत्तर आधी देते, बाकीचं मग बोलू. जा. या फेलोशिपला पंचविशीची अट आहे, म्हणजे पुढच्या वर्षी मनात आलं तरी अर्ज भरता येईलच असं नाही. खानापूरचं कोर्ट कुठे जात नाही. सनदही तुझी वाट बघेल.

मी निपाणीची. २०१३ च्या जूनमध्ये हीच फेलोशिप घेऊन दिल्लीला गेले. माझे वडील तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे. त्यांनीही अगदी तुझ्या काकांसारखंच विचारलं होतं, आणि मलाही तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. आज देता येतं, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

आधी काम काय ते सांगते, कारण घरच्यांना वाटतं मुलगी नेत्याच्या मागे फायली धरून फिरणार. आपल्या खासदारांकडे स्वीय सहायक असतो, टपाल बघणारा असतो, पण विधेयक वाचून त्यात काय आहे ते समजावून सांगणारं माणूस बहुतेकांकडे नसतं. ही उणीव भरून काढायला पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेने २०१० मध्ये ही फेलोशिप सुरू केली. आधी प्रशिक्षण होतं, मग एकेका खासदाराबरोबर एकेक मुलगा किंवा मुलगी, पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशन संपेपर्यंत. अधिवेशन चालू असलं की दिवस पहाटे सुरू होतो. उद्याची कार्यक्रमपत्रिका आदल्या संध्याकाळी हातात पडते आणि त्यात कधी कधी असं विधेयक असतं की ज्याची प्रत दोनच दिवसांपूर्वी आलेली असते. रात्री बसून ते वाचायचं, मूळ कायदा काय होता, बदल काय, कुणाला फटका, हे दोन पानांत उतरवायचं. शून्य प्रहरात, म्हणजे तातडीच्या विषयांच्या वेळेत, मांडायचा मुद्दा, नियम ३७७ खालचं निवेदन, शुक्रवारी दुपारी येणारी खासगी विधेयकं, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांची, स्थायी समितीच्या बैठकीआधीची टिपणं, हे सगळं तुझ्या वाट्याला येईल. संसदेच्या विभागवार स्थायी समित्या २४ आहेत. टीव्हीवर त्या कधी दिसत नाहीत, पण मला विचारशील तर खरं काम तिथे चालतं. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत या समित्या प्रत्येक खात्याच्या खर्चाच्या मागण्या तपासतात. समित्यांची टिपणं काढताना मी जेवढं शिकले तेवढं कॉलेजच्या पाच वर्षांत नाही शिकले.

मनाची तयारी एका गोष्टीची ठेव. तू लिहिलेलं बरंचसं वाया जाईल. सभागृहात बोलायला मिळणारा वेळ पक्षाच्या सदस्यसंख्येवर वाटला जातो, छोट्या पक्षाच्या सदस्याला तीन-चार मिनिटं मिळाली तरी खूप. २९ ऑगस्ट २०१३ ला लोकसभेत भूसंपादनाचं विधेयक मंजूर झालं. त्यासाठी मी अकरा पानं लिहिली होती. खासगी प्रकल्पाला ८० टक्के जमीनमालकांची संमती, सरकारी-खासगी भागीदारीला ७० टक्के, ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला, सगळं कोष्टकात मांडून. आणि शेवटच्या पानावर भूमिहीन मजुरांबद्दल एक परिच्छेद. माझं आजोळ धरणात गेलं. आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबणारे, सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून मोबदल्याच्या यादीतही नाही. तो परिच्छेद लिहिताना मला कागद नीट दिसत नव्हता. त्या अकरा पानांतलं सभागृहात एकच वाक्य उच्चारलं गेलं, आणि ते भूमिहीनांबद्दलचं होतं. मी ते नॉर्थ अॅव्हेन्यूच्या एका फ्लॅटमध्ये टीव्हीवर ऐकलं. फेलोला सभागृहात बसता येत नाही, आपण बाहेरच असतो. पण ते वाक्य आता लोकसभेच्या कामकाजाच्या छापील नोंदीत आहे आणि राहणार आहे. आजोबा तेव्हा हयात नव्हते. आईला फोन करून मी ते वाचून दाखवलं.

आता तुझ्या काकांकडे येते, कारण तुझ्या पत्राचा जीव तिथे आहे.

आपल्या भागात निवेदन देणं हे आपण आईच्या दुधाबरोबर शिकतो. "आम्ही खालील सह्या करणारे ग्रामस्थ आपणांस विनंतीपूर्वक निवेदन सादर करतो की" हे वाक्य मला बाराखडीच्या आधी पाठ झालं असेल. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपल्या तीन पिढ्यांनी निवेदनं दिली. कागद हातात देतानाचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो, पोचपावतीचा शिक्का बसतो, कागद फायलीत जातो. यात मला कुणाला हिणवायचं नाही. त्या निवेदनांच्या मागे लाठ्या खाल्लेली, तुरुंगात गेलेली, जीव दिलेली माणसं आहेत आणि तुझे काका त्यांच्यातले आहेत. पण निवेदन वाचणाऱ्यावर उत्तर द्यायचं बंधन नसतं. संसदेतला प्रश्न वेगळा. तो एकदा दाखल करून घेतला की ठरलेल्या तारखेला मंत्र्याला लेखी किंवा तोंडी उत्तर द्यावंच लागतं, आणि दिलेलं उत्तर चुकीचं निघालं तर दुरुस्त करावं लागतं. हा फरक मला माझ्या पहिल्या आठवड्यात कळला, आणि तो एका म्हाताऱ्या स्वीय सहायकांनी शिकवला.

मी मोठ्या उमेदीने पहिला प्रश्न लिहून नेला होता. "बेळगाव जिल्ह्यातील मराठी भाषिकांवर होत असलेल्या अन्यायाची सरकारला जाणीव आहे काय, असल्यास सरकार कोणती पावले उचलत आहे?" त्यांनी चष्मा कपाळावर सारला, कागद वाचला आणि म्हणाले, "बेटा, इसका जवाब मैं अभी लिख देता हूँ." आणि माझ्याच कागदाच्या खाली पेन्सिलीने लिहिलं: "(क) जी नहीं. (ख) प्रश्न नहीं उठता." कागद परत माझ्या हातात दिला. तीस वर्षं खासदारांच्या कचेऱ्यांत घालवलेला माणूस. मला इतका राग आला की मी बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. थोड्या वेळाने त्यांनी चहा पाठवला, चहाबरोबर लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांचं पुस्तक, आणि नियम ४१ च्या पानावर खूण.

तो नियम तू जायच्या आधीच वाच. प्रश्न १५० शब्दांपेक्षा मोठा नको. त्यात युक्तिवाद नको, निष्कर्ष नको, टोमणा नको, आरोप नको. केंद्र सरकारच्या अखत्यारीतला हवा. न्यायालयापुढे असलेल्या बाबीवर नको. बघ आता, 'अन्याय' हा शब्द म्हणजे निष्कर्ष, तो गेला. शाळा हा मुख्यत्वे राज्याचा कारभार, तोही गेला. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलाय, तिथेही दार बंद. माझ्या प्रश्नात उरलं काय? काहीच नाही. मला वाटलं, आपल्यासारख्यांना इथे विचारण्यासारखं काही शिल्लकच नाही.

पण उरतं, आणि खूप उरतं. मी चार दिवस संसदेच्या अहवालांत डोकं घालून बसले तेव्हा ते दिसलं. राज्यघटनेचं कलम ३५०-अ म्हणतं की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, आणि राष्ट्रपती त्यासाठी राज्यांना निर्देश देऊ शकतात. कलम ३५०-ब खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारी नेमलेला असतो, हे पद १९५७ पासून आहे. त्याचा अहवाल राष्ट्रपतींकडे जातो आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जातो. खातं केंद्राचं, अल्पसंख्याक मंत्रालयाचं. आणि त्या आयुक्तालयाच्या मोजक्या विभागीय कार्यालयांपैकी एक आपल्या बेळगावात होतं. बेळगावात कॉलेजला असताना मी त्या रस्त्यांवरून पाच वर्षं सायकल मारली, आणि हे मला दोन हजार किलोमीटरवर जाऊन कळलं.

मग प्रश्न असा झाला: आयुक्तांचा शेवटचा अहवाल सभागृहापुढे कोणत्या तारखेला ठेवला गेला, त्यात कर्नाटकातल्या प्राथमिक शाळांतील अल्पसंख्याक भाषांच्या शिक्षकांबद्दल कोणत्या शिफारशी आहेत, त्यांपैकी कोणत्या शिफारशींवर राज्याकडून उत्तर आलेलं नाही. या तीन ओळींत एकही विशेषण नाही, एकही आरोप नाही, आणि "प्रश्न नहीं उठता" म्हणायची सोयही नाही. त्या सहायकांनी तो वाचला आणि या वेळी पेन्सिल खिशातच ठेवली.

तो प्रश्न सोडतीत निघाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, आणि २३० अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचे, प्रश्न घेतात, नोटिसा त्याच्या कितीतरी पट येतात, म्हणून चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. पुढच्या अधिवेशनात पुन्हा दिला. असंच असतं. पंधरा दिवस आधी नोटीस, मग सोडत, मग पुन्हा नोटीस. पण उत्तर आलं की ते कुणी नाकारू शकत नाही. आणि मंत्र्याने "माहिती गोळा केली जात आहे" असं उत्तर दिलं, तर ते आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. पुरं होतंय की नाही हे बघायला सभागृहाची वेगळी आश्वासन समिती आहे. आपल्याकडे किती जणांना हे माहीत आहे? मला नव्हतं. काकांना विचारून बघ, त्यांनाही नसेल, आणि ते कळल्यावर ते तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतील असं मला वाटतं.

दिल्लीनं आपल्याला काय दिलं, या त्यांच्या प्रश्नाला मी खोटा दिलासा देणार नाही. सीमाभागाला दिल्लीकडून फार काही मिळालेलं नाही. पण काकांना बॅरिस्टर नाथ पैंची आठवण करून दे. बेळगावात शिकलेला माणूस, कोकणातून तीनदा लोकसभेवर निवडून गेला. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही. तेव्हा विरोधी बाकांवरच्या या एका सदस्याने संसदेचा तो अधिकार परत आणणारं खासगी विधेयक मांडलं. ते विधेयक नाथ पैंच्या नावानेच ओळखलं गेलं. ते काही मंजूर झालं नाही. १७ जानेवारी १९७१ ला हुतात्मा दिनी ते बेळगावात बोलले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेले, काकांना तो दिवस आठवत असेल. त्याच वर्षी चोविसावी घटनादुरुस्ती झाली आणि त्यांच्या विधेयकाचा गाभा तिच्यात आला. ती दुरुस्ती चांगली की वाईट यावर कायदेपंडित आजही भांडतात. मला त्यातून घ्यायचं ते एवढंच की त्या माणसाला सीमाप्रश्नाचं भाषणही येत होतं आणि विधेयकाचा मसुदाही. आपण त्यांचं भाषण तेवढं लक्षात ठेवलं.

खासदार विरोधातला निघाला तर? फेलोला खासदार निवडता येत नाही. तुला केरळचा मिळेल, आसामचा मिळेल, किंवा सीमाप्रश्नावर तुझ्या उलट मत असलेला मिळेल. मला उत्तरेकडचे मिळाले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "बेलगाम महाराष्ट्र में है ना?" सहायक म्हणाले, "नहीं सर, कर्नाटक." आणि दोघं माझ्याकडे बघत राहिले. मी जन्मात एवढी गप्प झाले नव्हते. शेवटी मी म्हणाले, जिल्हा कर्नाटकात आहे, माझी भाषा मराठी आहे, आणि यावरून १९५६ पासून वाद चालू आहे. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि अर्धा तास ऐकून घेतलं. तूही लपवू नकोस, आणि पहिल्या महिन्यात आपला विषय पुढेही रेटू नकोस. आधी त्यांच्या मतदारसंघाचं काम मन लावून कर, तिथला दुष्काळ, तिथले रस्ते, तिथली मुलं. विश्वास बसला की तुझं म्हणणं ते आपणहून विचारतील. ज्या मुद्द्यावर तुझा जीव अडकेल असं भाषण लिहायची वेळ आलीच, तर सरळ सांग की यावर माझं मत वेगळं आहे, आकडे आणि तारखा मी काढून देते, मांडणी दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. नीट सांगितलं तर बहुतेक जण मान राखतात.

एक दिवस मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८ फेब्रुवारी २०१४. आंध्र प्रदेशच्या विभाजनाचं विधेयक लोकसभेत होतं. त्याच्या पाचच दिवस आधी सभागृहात मिरपुडीचा फवारा मारला गेला होता, सदस्यांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. त्या दिवशी दुपारी आम्ही फेलो टीव्हीपुढे बसलो होतो आणि थेट प्रक्षेपण अचानक बंद पडलं. पडदा काळा. पुन्हा चित्र आलं तेव्हा विधेयक मंजूर झालेलं होतं. आंध्रच्या विधानसभेने ते जानेवारीत फेटाळलं होतं. तरी झालं, कारण राज्यघटनेच्या कलम ३ प्रमाणे राज्यांच्या सीमा संसद बदलते, त्याआधी राष्ट्रपतींनी त्या राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवायचं असतं, संमती लागत नाही. बाकीचे फेलो तेलंगणाबद्दल वाद घालत होते. मी तिथून उठले आणि गच्चीवर जाऊन उभी राहिले. लहानपणापासून ज्याच्यासाठी मोर्चे बघितले ते काम कुठल्या कलमाखाली, किती मतांनी, किती तासांत होऊ शकतं ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. त्या संध्याकाळी मी वडिलांना फोन केला आणि बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. तो दिवस मला बेळगावात किंवा निपाणीत बसून कधी कळला नसता.

भाषेचं घाबरू नकोस. तुला मराठी येते, कन्नड येते, इंग्रजी वाचता येतं, हिंदी समजतं. दिल्लीत चांगलं इंग्रजी बोलणारी मुलं पुष्कळ भेटतील, पण त्यांच्यातल्या कितीकांना कर्नाटक सरकारचा आदेश मुळातून वाचता येतो? कन्नड आपल्यावर लादलं गेलं म्हणून आपण मनात अढी ठेवतो. ती अढी मीही ठेवली होती. तिथे त्याच कन्नडने माझी भाकरी सोपी केली, आणि आता मी ते आपलं म्हणते. इंग्रजी बोलण्यासाठी रोज एका मंत्र्याचं लेखी उत्तर मोठ्याने वाच. वाक्यं छोटी आणि पक्की असतात, महिन्याभरात जीभ वळते. लिहिताना अडलीस तर लाजू नकोस, विचार.

राहण्याचं थोडक्यात. मानधनात एकट्या जिवाचं भागतं, घरी पाठवायला उरत नाही, हे बाबांना आधीच सांग म्हणजे मागून दुखणार नाही. खोली बघितल्याशिवाय दलालाला पैसे देऊ नकोस. पहिले पंधरा-वीस दिवस मुलींच्या वसतिगृहात काढ, तेवढ्यात बाकीच्या फेलो मुलींशी ओळख होईल, दोघी-तिघींनी मिळून जंगपुरा, लाजपतनगर अशा मेट्रोच्या जवळच्या भागात घर घ्या. गच्चीवरच्या एका खोलीला तिथे बरसाती म्हणतात. स्वस्त पडते, पण जूनमध्ये तव्यावर झोपल्यासारखं होतं. आपल्याला मृगाच्या गारव्याची सवय, आणि तिथे त्याच दिवसांत पारा पंचेचाळिशीकडे असतो. विजेचा दर युनिटला किती लावणार ते घरमालकाकडून लिहून घे, भाड्याचा अकरा महिन्यांचा करार कर, पोलीस पडताळणी करून घे. मेट्रोत पुढचा पहिला डबा बायकांचा. अधिवेशनात रात्रीचे दहा वाजतात, शेवटच्या गाडीची वेळ पाठ ठेव आणि खासदारांच्या कचेरीला पहिल्याच आठवड्यात सांगून टाक की मी अमुक वाजता निघणार. कुणाचं वागणं खटकलं तर त्याच दिवशी फेलोशिपच्या समन्वयकांना कळव, "थोडं थांबून बघू" करू नकोस. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा माझ्याच वर्षी, ९ डिसेंबर २०१३ ला लागू झाला. तू कायदा शिकलीस, तुला तो माहीत आहे.

नोव्हेंबरात हवा इतकी खराब होते की घसा धरतो. जानेवारीच्या थंडीला आपल्याकडची चादर पुरत नाही, रजई तिथेच घे. घरून तिखट ने आणि तांदळाचं पीठ ने. तिथे भाकरी थापताना मला पहिल्यांदा रडू आलं होतं, कारण पीठ चिकटत होतं आणि सांगायला आई नव्हती. उकड काढायला मी तिथे शिकले. २०१३ ला अधिवेशन लांबलं, गणपतीला घरी यायचं तिकीट रद्द करावं लागलं. तेव्हा कुणीतरी मला पहाडगंजात नेलं. तिथे मराठी माणसांची जुनी वस्ती आहे, नूतन मराठी शाळा आहे. आरतीला उभी राहिले आणि शेजारच्या आजींनी विचारलं, "कुठली गं तू?" मी निपाणी म्हटलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे आपलीच." दिल्लीत एवढं एक दार माहीत असू दे.

लग्नाचं आईला सांग की एक वर्षाने कुठलंही चांगलं स्थळ पळून जात नाही. जे पळतं ते जाऊ दे.

आणि परत येऊन काय? हा प्रश्न तू विचारलास म्हणून मला तुझ्याबद्दल जास्त वाटलं, कारण माझ्याबरोबरचे पुष्कळ जण परत गेले नाहीत, त्यांना मी दोष देत नाही. मी आले. आज मी बेळगावात वकिली करते आणि संध्याकाळी ग्रामपंचायतीचे सदस्य माझ्याकडे कागद घेऊन येतात. म्हादईच्या पाण्याचं काय झालं, कळसा नाल्याचं पुढे काय, हे विचारायला तुझ्याच तालुक्यातली कणकुंबीकडची मंडळी येतात. त्यांना मी म्हादई पाणीतंटा लवादाचा २०१८ चा निवाडा मराठीत समजावून सांगते. बाकीच्यांबरोबर बसून त्यांच्या निवेदनाचे प्रश्न करते. कुठला माहिती अधिकारात विचारायचा, कुठला आमदाराला द्यायचा. २०१२ मध्ये बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं सुवर्ण विधानसौध उभं राहिलं तेव्हा आपल्या लोकांच्या मनात काय होतं ते तुलाही माहीत आहे, मला त्यावर पडदा टाकायचा नाही. पण डिसेंबरात तिथे अधिवेशन भरतं, आणि त्या दहा दिवसांत मराठी गावाचा प्रश्न कन्नडमध्ये, नियमात बसवून, वेळेत दाखल झाला तर मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. तारांकित प्रश्नाला कन्नडमध्ये 'चुक्के गुरुतिन प्रश्ने' म्हणतात. तो लिहून देणारी माणसं आपल्या तालुक्यांत बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मी एकटीच पुरी पडत नाही, बाई. मला तू हवी आहेस.

जायच्या आधी एक काम कर. काकांकडे जुन्या निवेदनांची पेटी असेल. आमच्याकडे होती, कुणी ना कुणी जपून ठेवलेलीच असते. ती मागून घे, त्यांच्याजवळ बसून एकेक कागद वाच, तारीख आणि कुणाला दिलं ते वहीत उतरव. समोरच्या रकान्यात लिही: खातं केंद्राचं की राज्याचं, न्यायप्रविष्ट आहे की नाही, आणि त्यातला नेमका प्रश्न काय. पहिले पाच-सहा चुकतील. ते काका बघत असतील, त्यांना बघू दे. मधेच ते सांगतील, हे निवेदन दिलं त्या दिवशी काय झालं होतं. तेही लिहून घे.

गोवा एक्सप्रेसने जाशील तर दोन रात्री आणि एक पूर्ण दिवस हातात आहे, वही बरोबर असू दे. निजामुद्दीनला उतरलीस की प्रीपेडच्या खिडकीवरूनच रिक्षा कर आणि पोचल्यावर आधी काकांना फोन लाव.